कांचनताई आणि बळवंतरावांचं तळं

बळवंतराव काठावर आले आणि मी उठून उभा राहिलो. बडोद्याच्या मराठी घरात वाढलेला माणूस दुसरं काय करणार? वडीलधारं कुणी आलं की उठायचं आणि वाकून नमस्कार करायचा. फक्त त्या वेळी मी कॅनूत होतो. ती बिचारी अरुंद, हलकी होडी. तिच्यावर आमच्या घरचे संस्कार नव्हते. मी वाकलो, तीही वाकली, आणि दोघंही उपडी झालो.

"होडी सोडू नका! धरून राहा!" कांचनताई ओरडल्या.

लाइफ जॅकेटमुळे मी बुचासारखा वर आलो आणि होडीला बिलगलो. ताईंनी आपली कॅनू शांतपणे वल्हवत आणली, मला काठाला लावलं आणि म्हणाल्या, "होडीत बसल्यावर साक्षात सासरे आले तरी उठायचं नाही."

कांचनताई शिर्के कारेलीबागेत आमच्या शेजारी राहतात. त्यांची सारी नोकरी एका कारखान्यात कामगारांची सुरक्षा सांभाळण्यात गेली. त्यांच्या स्कूटरवर मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटचा पट्टा त्या स्वतः बांधतात, डोळे बाहेर येईपर्यंत. निवृत्तीनंतर त्यांनी दोन कॅनू घेतल्या आणि तळ्याच्या शोधात वर्षभर गावंच्या गावं पालथी घातली. शेवटी पादरा गावाच्या बाजूला बळवंतरावांनी आपल्या शेतातलं तळं दिलं आणि ताईंचा रविवारचा वर्ग सुरू झाला.

माझी फजिती पाहून बळवंतराव पोट धरून हसले. मग त्यांनाच हुक्की आली.

"कांचन, आज मी बसतो. इराला एक चक्कर मारून आणतो."

त्यांची नात इरा जॅकेट घालून केव्हाची होडीत बसली होती.

"बसा ना काका. आधी जॅकेट."

"अगं, ह्या तळ्यात मी लहानपणापासून पोहतोय. जाऊ दे ने!"

"पोहता येणाऱ्यांनाही गोळा येतो पायात. घाला."

"त्या गादीत मी मावत नाही."

"मोठं आणलंय. खास तुमच्या मापाचं."

वर्गातले सगळे हसले. तिथेच बिनसलं.

"तळं कुणाचं आहे?" बळवंतरावांचा आवाज चढला.

"तुमचं. होडी माझी."

"मग उचल तुझी होडी! पुढच्या रविवारपासून इकडे फिरकू नकोस."

मी सदरा पिळत हळूच म्हटलं, "ताई, एकच चक्कर तर मागतायत..."

कारखान्यात गॅसची नळी गळताना दिसावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग इराला अलगद उचलून काठावर ठेवलं आणि होडी बाहेर ओढली. बळवंतराव नातीला घेऊन, जीपचं दार आपटून निघून गेले.

आम्ही कॅनू टेंपोवर चढवल्या. मला राहवेना.

"ताई, वर्षभर वणवण करून मिळवलेलं तळं एका जॅकेटपायी घालवलंत?"

दोराची गाठ ओढून पाहत त्या म्हणाल्या, "तळं दुसरं शोधता येतं."