आजोबा काशीला गेलेच नव्हते

आक्का गेल्या त्याला आता सव्वा महिना होईल. भेटायला येणारी माणसं अजून येतात. कुणी लोहाऱ्याहून, कुणी नळदुर्गहून, त्यांच्या माहेरचं. ओसरीवर टेकतात, पाणी पितात, डोळ्याला पदर लावतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "शेवटी काही बोलल्या का हो?" मी सांगते, "बोलल्या की. 'गॅस बारीक कर, दूध वर आलंय' म्हणाल्या." समोरच्या बाईचा चेहरा उतरतो. एकजण तर म्हणाली, "तेवढंच? देवाचं नाव, लेकराबाळांचं काही?" म्हटलं, "न्हाय बाई. दुधाचंच." खरंच तेवढंच झालं होतं. सकाळची वेळ, मी ओट्यापाशी, त्या दाराजवळच्या खुर्चीवर लसूण सोलत बसलेल्या. ज्या बाईला कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती, तिला दूध वर आलेलं माझ्याआधी कळायचं. मी गॅस बारीक केला, वळून बघितलं, तर मान कलती झालेली आणि मांडीवर लसणाच्या पाकळ्या तशाच. शहात्तर वर्षांच्या होत्या. ना दवाखाना, ना सलाईन. रडू आलं, लई आलं, पण त्यांचे हाल झाले नाहीत याचं मनात कुठंतरी हायसंही वाटलं. या त्यांच्या शेवटच्या वाक्यात मी एक शब्द इकडचा तिकडं करत नाही. करता आला असता, त्यात माझा हात धरणारं कुणी नाही... पण का करत नाही, तेच सांगायला बसले आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सास्तूरला आमचं घर एकच, चुली मात्र पहिल्यापासून दोन, आणि तरी कुणाची भाकरी कुणाच्या ताटात हे कधी कळलं नाही. त्या शेतातलं आणि घरातलं बघायच्या, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर जायचे. माझी पोरगी माधुरी निम्मी त्यांच्याच मांडीवर वाढली. सातवी शिकलेल्या होत्या, रोज पोथी वाचायच्या, आणि तोंडानं इतक्या फटकळ की सासूबाईसुद्धा जपून असत. चाळिशीनंतर त्यांचे कान जायला लागले आणि पन्नाशीपर्यंत जवळजवळ गेलेच. सोलापूरहून कानाचं यंत्र आणलं, ते दिवसभर शिट्ट्या मारायचं, ते त्यांनी गव्हाच्या डब्यात टाकून दिलं. मी पाटीवर लिहून दाखवायला गेले तर पाटी हिसकावून म्हणाल्या, "मला काय चौथीत बसवायलीस व्हय?" राहता राहिला माझा आवाज. तीस वर्षं वर्गावर ओरडून कमावलेला. डाव्या कानाशी तोंड नेऊन मी बोलले की त्यांना कळायचं, बाकी कुणाचंच नाही. अशी मी त्या घरातली दुभाषी झाले. गावातल्या बातम्या, पाहुण्यांचे निरोप, लग्नातली कुजबुज, सगळं माझ्या तोंडून त्यांच्या कानात जायचं.

आता दुभाष्याच्या हातात किती सत्ता असते, ते दुभाषी झाल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीला मी शब्दाला शब्द सांगायचे. मग कंटाळा यायला लागला, दहा वाक्यांचं एक करायला लागले. मग टोचणारं गाळायला लागले. कुणी "बहिरी झाली म्हातारी" म्हटलं तर मी सांगायचे, "तब्येत विचारतेत." आणि एकदा गाळायची सवय लागली की भर घालायची लागायला कितीसा वेळ!

संध्याकाळी आम्ही दोघी टीव्ही बघायचो. मोठ्या पोटाचा, काचेचा टीव्ही, दादांनी, म्हणजे आक्कांच्या मालकांनी, सोयाबीनच्या पैशातनं आणलेला. त्यावर एक हिंदी मालिका लागायची. मोठं घराणं, चार सुना, आणि त्या घरातले एक आजोबा. आक्कांचा त्या आजोबांवर भारी जीव. आजोबा पडद्यावर आले की पदर सारखा करून बसायच्या. मी शेजारी बसून कानात सांगायचे, अमकी असं म्हणाली, तमक्यानं हिचे दागिने लपवले. आणि एका संध्याकाळी मालिकेतले आजोबा वारले. आक्का नेमक्या गोठ्यात होत्या. परत आल्या तर पडद्यावर सगळे रडताना दिसले. "काय झालं गं?" मी म्हटलं, "आजोबा काशीला निघालेत, कायमचे." का म्हटलं? त्याच महिन्यात आक्कांचा भाऊ गेला होता, आणखी एक मरण मी कुठं ओरडून सांगू? पुढं दोन वर्षं ही बाई अधूनमधून विचारायची, "आले का गं काशीहून?" आणि मी सांगायचे, "पत्र आलंय, बरे हायेत." मालिकेत आजोबांच्या फोटोला हार दिसला की मी त्यांना पटकन चहाला उठवायचे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्यानंतर दादा गेले. दादा म्हणजे तीन शेतं ओलांडून हाक मारणारा माणूस, पण बायकोचे कान गेल्यावर तिच्यासाठी आवाज काही त्यांना चढवता आला नाही. लाज वाटायची की काय, देव जाणे. हळूहळू बोलणंच बंद केलं. चहा हवा तर हातानं खूण, जेवायला वाढ तर खूण. पंधरा वर्षं अशी गेली. शेवटच्या दिवशी दुपारी ते बाजेवर होते, मी उशाशी, आक्का पायाशी. त्यांचे ओठ हलले, आणि घटकाभरात सगळं संपलं. दहाव्याला आक्कांनी मला माजघरात ओढून नेलं. "ओठ हलले की त्यांचे. काय म्हणाले?" आणि मी, डाव्या कानाशी तोंड नेऊन, सांगून टाकलं, "म्हणाले, हिच्याशी बोलायचं राहून गेलं, माझं चुकलं." आक्का तिथंच भिंतीला टेकून बसल्या. मला वाटलं, चला, एका जिवाला मरेपर्यंत पुरेल एवढं दिलं आपण. त्या दिवसापासून रोज दिवा लावला की त्या दादांच्या फोटोसमोर बसून काहीतरी पुटपुटायच्या. मी लांबून बघायचे आणि स्वतःवरच खूष व्हायचे.

चार वर्षांनी, म्हणजे गेल्याच्या गेल्या दिवाळीत, माधुरी सोलापूरहून आली ती एक काडी घेऊन. पेनड्राइव्हपेक्षा जराशी मोठी. "ही टीव्हीला लावली की इंटरनेटवरचं सगळं दिसतं, आणि बोलणं खाली अक्षरांत येतं. थोरली आई स्वतः वाचंल." नवा टीव्ही घेऊ म्हणाली तर आक्कांनी साफ नकार दिला, हा चालतोय तोवर दुसरा न्हाय. पण त्या जुन्या टीव्हीला ती काडी बसवायला जागाच नव्हती, मागं नुसती पिवळी, लाल, पांढरी तीन भोकं. माधुरी बसची वाट न बघता जीपनं परत सोलापूरला जाऊन एक डबी घेऊन आली. काडी डबीत, डबीच्या तीन पिना टीव्हीत, आणि इंटरनेट माझ्या मोबाइलचं. चित्र तर आलं, पण काचेच्या टीव्हीनं चारी कडा खाल्ल्या, खालच्या अक्षरांची नुसती डोकी दिसायची. आक्का तेवढ्यावरही वाचायला लागल्या! मग माधुरीनं चित्र लहान केलं, अक्षरं मोठी केली, आणि ती हिंदी अक्षरं अशी ठळक आली की आक्कांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. एक वाक्य मोठ्यानं वाचलं. दुसरं वाचलं. मग माधुरीचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "वीस वर्षांनी कळायलंय गं, कोण काय म्हणतंय ते." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात लेक म्हणाली, "आणि आई, ती तुमची मालिका आहे ना, ती पहिल्या भागापासून आहे यात." माझ्या डोळ्यांतलं पाणी तिथंच आटलं.

माधुरी गेली आणि आक्कांनी पहिल्या भागापासून सुरुवात केली. रोज दुपारी चार भाग. मी मनात हिशेब करत होते, आजोबा अजून किती लांब आहेत. मग मी फोन घेऊन बाहेर निघून जायला लागले, फोन गेला की इंटरनेट गेलं. कधी शेताकडं, कधी देवळात, एकदा तर काही काम नसताना जीपमध्ये बसून लोहाऱ्याला जाऊन आले. आजोबांसाठी नव्हते घाबरत मी. आजोबांचं खोटं उघडं पडलं की ही बाई दुसरं काय विचारणार, ते मला ठाऊक होतं. रिटायर झालेली शिक्षिका, नातवंडांची आजी, आणि कॉपी करणाऱ्या पोरीसारखी पळत होते. शेवटी आक्कांनीच फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि कमरेला खोचला. "आता कुठं बोंबलत फिरायचं ते फीर."

आजोबा एका मंगळवारी वारले. मी शेजारीच बसले होते. खाली अक्षरं आली, मोठी, स्वच्छ. आक्कांनी ती दोनदा वाचली. रिमोट मांडीवर ठेवला. "हे तर मेले की गं." त्या माझ्याकडं वळल्या. "काशीला गेले म्हणालीस." मी कानाशी जाऊन म्हटलं, "तुमचा भाऊ नुकताच गेला होता, आक्का. जीव झाला न्हाय सांगायला." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग नजर हळूहळू भिंतीवरच्या दादांच्या फोटोकडं गेली. "आणि ह्यांचं? ते बी असंच सांगितलंस का?"

आता बघा माझी दशा. सगळं जग गुपितं कुजबुजत सांगतं, मला ते गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं होतं. बाहेर आमचे हे पेपर वाचत बसलेले. तरी सांगितलं. "व्हय आक्का, खोटं सांगितलं! ते तसं काहीच म्हणाले नव्हते!" "मग काय म्हणाले?" "मोटार बंद केली का, म्हणाले!" बाहेर पेपराचा आवाज थांबला. आक्कांनी डावा कान आणखी जवळ आणला. "काय बंद केली?" "मोटार! विहिरीवरची!"

मला वाटलं, आता ही बाई माझं तोंड बघणार नाही. तसं झालं असतं तर चुकलं नसतं त्यांचं. पण त्यांनी मोठा श्वास सोडला, इतका मोठा की खांदे खाली आले, आणि म्हणाल्या, "म्हंजे मला काही विचारलंच न्हाय त्यांनी." मला कळेना. मग त्या सांगायला लागल्या, थांबत थांबत... "तू म्हणालीस, माझं चुकलं म्हणाले. आणि म्या तिथंच बसलेली, पायाशी. मला ऐकू आलं न्हाय, म्या गप. त्यांना वाटलं असंल, हिनं माफ केलं न्हाय. वाट बघत गेला असंल जीव... चार वर्षं रोज दिवा लावून सांगतेय त्यांना, असू द्या, झालं गेलं, माझ्या मनात काही न्हाय. पर गेलेल्या माणसाला ऐकू येतंय का, कुणाला ठाऊक! मला जित्या माणसाचं येत न्हाय." ते पुटपुटणं असं होतं. मी ज्याला पुण्य समजून मिरवत होते, ते या बाईनं दगडासारखं उरावर वागवलं होतं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या, आणि मधेच हसायला लागल्या. "मोटार व्हय! तेच म्हणते मी, हा माणूस कधी जन्मात माफी मागतोय! ...बंद होती का गं?" "होती आक्का!" त्या संध्याकाळी दिवा लावून फोटोपुढं उभ्या राहिल्या आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मोटार बंद केली हो! जावा आता!" त्यानंतर पुटपुटणं संपलं. रात्री बारीक घोरायच्या, ते मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. आणि माझं म्हणाल, तर पाठीवरचं पोतं उतरल्यासारखं झालं मला.

मला वाटलं, आता माझी दुभाषेगिरी संपली. तर दुसऱ्या दिवशी आक्कांनी शेजारी जागा केली. "अक्षरं राहू दे. पर तू बी सांग. बघू, दोघींत खरं कोण बोलतंय." मग तो आमचा खेळच झाला. मी मुद्दाम काहीतरी ठोकून द्यायचे, त्या खाली वाचायच्या आणि माझ्या मांडीवर फाडकन चापट मारून म्हणायच्या, "खोटं!" शेवटची दोन वर्षं अशी गेली. त्या चापटांनी मांडी लाल व्हायची, पण त्या घरात इतकं निवांत मी आधी कधी बसले नव्हते.

परवा माधुरी म्हणाली, टीव्ही काढून टाकू का आता. म्हटलं, राहू दे. दुपारी मी एकटीच बसले, पिवळी पिन जरा ढिली झाली होती ती दाबली, काडी सुरू केली. आमची मालिका जिथं राहिली होती तिथून पुढं लागली. मला चांगलं ऐकू येतं, तरी खालची अक्षरं मी घालवली नाहीत. धाकटी सून सासूला काहीतरी म्हणाली. मी सवयीनं डावीकडं वाकले आणि मोठ्यानं सांगितलं, "आजोबा आले बघा काशीहून." खाली अक्षरं भलतंच काही सांगत होती. शेजारची जागा रिकामी... मी थोडा वेळ थांबले. मग माझ्याच मांडीवर एक चापट मारली आणि म्हटलं, "खोटं!" बाहेरून ह्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही न्हाय. आक्कांचं काम करत होते."