मागच्या सीटखालची जाळी

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे, माफी असावी. नव्या कापडाचा वास आला की आमची टॅक्सी आठवते. कर्ज काढून जुनी घेतली होती. बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालायची, म्हणून पेट्रोल कमी लागायचं. मागची सीट मळू नये म्हणून मी हौसेनं जाड कव्हर शिवलं आणि खालपर्यंत ताणून बांधलं. भर उन्हाळ्यात उमरखेडच्या रस्त्यावर गाडी बंद पडली. मिस्त्रीनं कव्हर उचललं. "भाऊ, या जाळीतून बॅटरीले हवा जाते. जळली ना आता! कोनं झाकली?" मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले. "म्याच झाकली," हे म्हणाले. नवी बॅटरी गाडीच्याच किमतीची होती. गाडी भंगारात गेली, हे दुसऱ्याची गाडी चालवू लागले. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत, आणि माझ्याच्यानं माफीही मागवली नाही. काल त्या गाडीचं कर्ज पुरतं फिटलं.