विमानाचा गोठा

मंडळी, आज दुपारी आमच्या शेणवा गावातल्या घरी मुंबईहून एक बाई आल्या. हातात त्यांच्या वडिलांची जुनी वही होती. ती वाचल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत!

साठच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा शाळेत होते. या बाईंच्या वडिलांकडे, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, छोटं विमान होतं आणि ते आमच्या माळावर उतरायचे. एकदा ते आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाले, "विमान ठेवायला हँगर भाड्यानं हवंय."

आबा म्हणाले, "म्हंजे इमानाचा गोठाच ना? आमचा हाय की लांबरुंद. पुढचा कूड काढला की जाईल आत. पन आमच्या गोठ्यात दाव्याबिगर काय ऱ्हात नाय."

बैल अंगणातल्या मांडवात गेले आणि त्यांच्या दाव्यांनी आबा विमान बांधायला लागले. अख्खं गाव हसलं. बायका आईला चिडवायच्या, "वैरण घातलीस का गो त्याला?"

मग वैशाखात एका दुपारी वादळ आलं. गोठ्याचं छप्पर उडून पार शेतात पडलं. विमान जागचं हललं नाही.

पुढे ते मोठ्या विमानतळांवर राहिलं. कुठे ठेवलं, ते साहेबांनी दरवेळी वहीत टिपलंय. आज बाईंनी मला ती पानं दाखवली.

'गोठा, मुंबई.' 'गोठा, पुणे.' 'गोठा, नागपूर.'

हँगर हा शब्द अख्ख्या वहीत कुठेच नाही.

माझे आबा अंगठा लावायचे हो! आता हसा म्हणावं कोणाला हसायचंय ते.