'ऐन'चे अर्थ आणि घरमालकाच्या मिरच्या

अकोल्यात मला पहिला धडा मिळाला तो 'ऐन' या अरबी शब्दाचा, आणि शिव्यांसकट मिळाला. वडील गेले, शाळा सुटली. कापसाला सोन्याचे दिवस आलेत असे ऐकून मी कोकणातून इथे आलो आणि कचेरीसमोर अर्ज लिहिणाऱ्या एका म्हाताऱ्या मुनशींकडे नकला करू लागलो. कागदांत अरबी-फारसी शब्द फार, म्हणून ते मला तेही शिकवत.

"अबे कोकण्या, ऐन म्हंजे नुसता डोळा? पाण्याचा झरा बी ऐन, जासूस बी ऐन, सोन्याची मोहर बी ऐन. चीज जशी हाये तशी, तिचा गाभा, तो बी ऐनच. डोक्यात सरकी भरली का तुह्या?"

त्यांचे उपकार आज कळतात. तेव्हा मी नुसते अर्थ घोकायचो.

त्यांच्याच शब्दाखातर एका शेतकऱ्याने मला ओसरीवर जागा दिली होती. एरवी परका माणूस त्याला डोळ्यांसमोर नको होता. एकदा जेवायला आत बसलो असता खोलीतली कापसाची रास पाहून मी बोलून गेलो, "काय शुभ्र! आमच्या समुद्राचा फेसही असा नसतो." राशीचे तोंडावर कौतुक करायचे नसते, हे मला ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी खालचा थर ओलीने पिवळा निघाला. व्यापाऱ्याने गाडी परत धाडली.

"याचाच डोळा लागला. नीघ!" शेतकऱ्याने माझी वळकटी अंगणात फेकली. जाणार कुठे? मी मुनशींना बोलावून आणले.

ते म्हणाले, "मिरच्या जाळ. ठसका लागला नाही, तर दृष्ट खरी. मंग हाकल त्याले."

घरधनिणीने राशीवरून मीठ-मिरच्या उतरवून अंगणातल्या निखाऱ्यांवर टाकल्या. मुनशी खोकले. "म्हातारं रोजच खोकलते," शेतकरी म्हणाला. मी खोकलो. "सोंग करून राह्यला!" आणि त्याने ओठ घट्ट मिटून श्वासच कोंडला. माझ्यावर रोखलेले त्याचे डोळे लाल झाले, पाणी गालांवर आले, मान फुगली. मी मनात डोळा, झरा, जासूस असे घोकत होतो. मोहर काही आठवेना.

"अवो, मरसान ना!" पदराआडून बायको ओरडली. "खोका एकदाचे!"

तो असा खोकला की खालीच बसला.

मग डोळे पुसत म्हणाला, "राय इथंच. पन कापसाकडे पाठ करून बसजो."

पुढचे वर्षभर मी भिंतीकडे तोंड करून जेवलो.