ज्यू, झू आणि आत्याचा मलिदा

आमच्या सोसायटीत वाघ येणार ही अफवा मी पसरवली नाही. मी फक्त फ्लोराआत्याच्या प्रदर्शनाचं निमंत्रण पाठवलं होतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. बोलतो मराठीत, भांडतो मराठीत, प्रार्थना तेवढी हिब्रूत. (ती मला अर्धीच येते. उरलेल्या अर्ध्या वेळात मी नुसते ओठ हलवतो!) नातलग एकेक करून इस्राएलला गेले. चिंचवडात उरलो मी, बायको रूथ आणि आत्या. पण आत्याच्या ट्रंकेत अख्खं घराणं होतं: पणजीची नऊवारी, हिब्रू पोथ्या, सणाचे दिवे, पणजोबांच्या तेलघाण्याचा फोटो आणि शोफार, म्हणजे सणाला फुंकायचं मेंढ्याचं शिंग. हे सगळं सोसायटीच्या हॉलमध्ये मांडून तिने त्याला थाटात 'संग्रहालय' म्हटलं.

"सॅमी," आत्या म्हणाली, "माणसं आली तर दर रविवारी मांडीन. नाही आली तर सगळं तिकडे डेव्हिडकडे पाठवते. इथे कुणासाठी ठेवू?"

डेव्हिड तिचा मुलगा. हे बोलताना ती माझ्याकडे न बघता नऊवारीची घडी करत होती. मी म्हटलं, "आत्या, गर्दी जमवायचं माझ्याकडे लागलं!"

संध्याकाळी चाकणच्या चौकात कंपनीची बस नेहमीसारखी अडकली होती. मी मोबाइल तोंडाशी धरून निमंत्रण बोललो: "रविवारी आपल्या हॉलमध्ये ज्यू संग्रहालय. मुलांना नक्की आणा!" मागून एक ट्रक कोकलला. मोबाइलने काय लिहिलं ते न वाचताच मी सोसायटीच्या ग्रुपवर पाठवून दिलं.

मोबाइलने लिहिलं होतं 'झू संग्रहालय'.

आमचे सेक्रेटरी शिंदेकाका उत्साही गृहस्थ. त्यांनी त्याखाली वाघाचं चित्र टाकलं. कुणीतरी हत्ती टाकला. मला वाटलं, लोक खूश आहेत!

रविवारी हॉलचं दार उघडलं आणि पोरांची लाटच आत शिरली. कुणाच्या हातात केळी, कुणाच्या हातात शेंगदाणे, एकाकडे गाजरांची जुडी. मागे आईबाप, मोबाइल सरसावून. आत्याचे डोळे भरून आले. "सॅमी, किती माणसं रे! आणि रिकाम्या हाताने कुणी नाही!"

"काका, माकड कुठंय?" एका चिमुरडीने विचारलं.

"कुठलं माकड?" आत्याने विचारलं.

"शिंदेकाका!" मी ओरडलो. (माकडाचा आणि त्यांचा संबंध नव्हता, पण क्रम चुकला.)

"राव, तुम्हीच लिवलंय की झू!" त्यांनी मोबाइल नाकासमोर धरला. मी वाचलं. रूथने वाचलं. रूथने माझ्याकडे जसं बघितलं, तसं वाघानेसुद्धा बघितलं नसतं.

पोरं रडायच्या बेताला आली. एक बाई म्हणाल्या, "चला, घरी चला." आत्याचा चेहरा उतरला. मी घाईघाईने शोफार उचलला. "थांबा! हे खऱ्या मेंढ्याचं शिंग! आता ऐका!" आणि सगळं बळ एकवटून फुंकलं.

पुर्र!

असा आवाज मेंढा काढतो खरा, पण तोंडाने नव्हे. हॉल खदखदून हसला.

"आण इकडे," आत्या म्हणाली. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने शिंग ओठांना लावलं आणि असा खणखणीत नाद काढला, की वॉचमन धावत आला. पोरं नाचायला लागली. "आजी, परत! परत!"

मग घरी जायचं कुणी नावच घेईना. चौथ्या मजल्यावरचे म्हात्रे घाण्याच्या फोटोपुढे थबकले. "आमच्या अलिबागकडे शनवार तेली म्हणायचे, ते तुम्हीच का?"

"आम्हीच! शनिवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून!" आत्या म्हणाली.

"माझा आजा तुमच्याच लोकांचं तेल आणायचा हो!"

दोघं गावाकडच्या गोष्टींत असे रंगले, की रूथला मधे पडावं लागलं, "आत्या, मलिदा!" मलिदा म्हणजे आमचा प्रसाद: गोड पोहे, खोबरं, वेलची आणि फळं. केलेला होता वीस-पंचवीस माणसांपुरता, आणि समोर निम्मी सोसायटी! आत्याने पदर खोचला. माकडांची केळी सोलली, पोह्यांत कालवली. पोरांनीच द्रोण वाटले. (गाजरं मी शिताफीने लपवली.)

"आजी, पुढच्या रविवारी पण आहे ना?" पोरांनी जाताना विचारलं.

"आहे तर!" आत्या म्हणाली आणि ट्रंक डेव्हिडकडे नाही, घरी नेऊन पलंगाखाली ढकलायला मला सांगितलं.

तेवढ्यात ती चिमुरडी परत आली. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत तिने आत्याला विचारलं, "आजी, हे काकापण प्रदर्शनातले का?"

"हो गं," आत्या म्हणाली. "पण याला काही खायला घालू नकोस. याचा चौथा द्रोण चालू आहे!"