बारा व्यायामांतले तीन

बदलापूर गावात पुतण्याच्या हळदीला मी खाली बसले होते. उठताना एक हात जमिनीला टेकला, दुसरा भिंतीला. तेवढ्यात थोरल्या जाऊबाई मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, हिला खुर्ची आणा कुणीतरी! शेठाणी झाली, आता कुठली उठतेय!"

सगळे हसले. उल्हासनगरात एका मशीनवर जीन्स शिवत मी कारखाना उभा केला, तेव्हा यांच्यातलं कुणी दोरा ओवायलासुद्धा आलं नव्हतं. पुतणीला पाचवा महिना होता. तिच्या बाळाच्या बारशाला हात न टेकता उठायचं, हे मी तिथेच ठरवलं.

पण अडत कुठे होतं? गुडघे तर दुखत नव्हते. घरी आल्यावर माझीच जीन्स मागून ढिली पडलेली दिसली. लोकांच्या सीटची, म्हणजे कुल्ल्यांची, मापं घेण्यात माझा जन्म गेला. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःवर टेप लावली. जीन्सच्या मापाशी ताडून पाहिलं, तर कंबर वाढली होती आणि सीट दीड इंचाने उतरली होती.

अंबरनाथला घराजवळच्या जिममध्ये शिकवणारी सिंधी बाई म्हणाली, जमिनीवरून उठवणारे मोठे स्नायू सीटचेच. तिने बारा व्यायामांचा कागद दिला.

"बारा नको. कामाचे किती, ते बोल."

"सब काम के हैं, आंटी."

"असं सगळेच व्यापारी सांगतात. मी पीस धुऊन बघितल्याशिवाय माल उचलत नाही."

ती हसली. मग आम्ही एकेक व्यायाम तपासायला घेतला. करताना मी मागे हात लावून बघायची, स्नायू घट्ट होतो की नाही. उभ्याने पाय मागे झटकायचा प्रकार दिसायला झकास, पण हाताला काही लागेना. बाद. उताणं झोपून कंबर उचलताना पावलं लांब ठेवली की मांडीची मागची बाजू भरायची. वीतभर जवळ घेतली की थेट सीट. एवढ्याशा फरकाने काम दुसऱ्याच स्नायूकडे जातं, याचं मला भारी नवल वाटलं.

स्क्वॉटने नुसत्या मांड्या भरल्या. "हा रद्द!" मी ओरडले.

"आंटी, माल खराब नहीं है, सिलाई आपकी खराब है. कमर पीछे, और नीचे जाओ."

राग आला, तरी तशी खाली गेले. सीटने काम धरलं. रद्द मागे घेतलं.

शेवटी तीन ठरले: पाठ बाकाला टेकून, जांघेवर वजन घेऊन कंबर उचलणं, खोल स्क्वॉट आणि उंच पायरीवर एका पायाने चढणं. आठवड्यातून दोनदा. "दर्द मत गिनो," ती सांगायची, "वजन बढ़ रहा है क्या, वो देखो." पाच किलोवरून मी तीसवर गेले.

बारशाला मुद्दाम चटईवर बसले. घुगऱ्यांचं ताट दोन्ही हातांत धरलं, पाय जवळ ओढले आणि सरळ उठले. कुठेच टेकले नाही. वळून बघते तर जाऊबाई पाळण्याला फुलं बांधत होत्या, पाठ माझ्याकडे.

मी पुन्हा खाली बसले.

"जाऊबाई," मी हाक मारली, "जरा इकडे बघा."