ग्रंथपालांची गाडी आणि टॉवेलातली वीट

आमच्या शेजारचे ग्रंथपाल आयुष्यभर लोकांना "शू!" म्हणत आले. वाचनालयात ते शोभतंही. पण सतरा वर्षांच्या एसयूव्हीचं बॉनेट उघडून, आत कान घालून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना "शू!" करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गाडीच्या खोकल्यावरून ते तिचं दुखणं ओळखतात. वहिनी चार दिवस खोकत होत्या तेव्हा मात्र ऐकू आलं नाही, अशी वहिनींची तक्रार.

मागच्या वर्षी या गाडीचा स्टार्टर रुसला. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. मग गल्लीने धक्का मारायचा. गाडी कसली, चाकांवरचं कपाट ते! माझ्या कमरेला विचारा. एकदा दूधवाला, शिंपी, मी आणि वहिनींची नवी चप्पल, असे चौघे ढकलता ढकलता चिखलात बसलो. वहिनींनी तिथेच निकाल दिला, "यापुढे एकदा जरी कुणी हिला ढकललं, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला!" आणि वहिनींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

तेव्हापासून ग्रंथपाल गाडी फक्त उतारावर लावतात, तोंड खाली करून. चाकापुढे वीट. तीही जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, टायरला टोचू नये म्हणून. निघताना वीट काढायची, गाडी घरंगळू द्यायची आणि दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. धडाड! झाली सुरू. कुठे जायचं ठरलं की हे आदल्या दिवशी सायकलवरून उतार हेरून येतात.

मध्ये गाडी ऑइल बदलायला गॅरेजात गेली. आणायला मीही गेलो होतो. मिस्त्री म्हणाला, "साहेब, तो स्टार्टर आहे ना..."

"शू! ऐकतोय मी," बॉनेटमधून उत्तर आलं. मिस्त्री हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळला.

गेल्या रविवारी वहिनींच्या बहिणीच्या नव्या घरी जेवण होतं. मलाही आग्रह झाला. जेवणाला नाही म्हणायचं मला जमत नाही. घर सपाटीवर. उतार सापडला तो अर्ध्या किलोमीटरवर, शाळेच्या भिंतीलगत.

"जेवणाआधी चाललं की भूक लागते," ग्रंथपाल म्हणाले.

जेवून परतलो तर एसयूव्हीच्या नाकाला नाक लावून कुणाची तरी छोटी लाल गाडी उभी! घरंगळायला वीतभरही जागा नाही. ग्रंथपाल टॉवेलातली वीट छातीशी धरून उभे राहिले.

"थांबू जरा. मालक येईलच."

अर्धा तास झाला. वहिनी म्हणाल्या, "अहो, किल्ली फिरवून तर बघा."

"जेवणानंतर विश्रांती लागते."

"जेवलो आपण, गाडी नाही! द्या ती किल्ली इकडे." आणि वहिनी सरळ ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसल्या.

ग्रंथपाल माझ्या कानाशी आले. "टक् झालं तर संपलं रे. धक्क्याशिवाय हलणार नाही ती. लेक जन्मली तेव्हा तिला हॉस्पिटलातून घरी आणलं ते हिच्यातूनच." एरवी मी काहीतरी खवचट बोललो असतो. आज त्यांच्या हातातली वीट तेवढी घेतली.

वहिनींनी किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू!

"नवा स्टार्टर आहे," वहिनी खिडकीतून म्हणाल्या. "तीन महिने झाले, ऑइल बदलायला गेली होती तेव्हा मीच बसवून घेतलाय. मिस्त्री सांगत होता, मी सांगत होते, तुमचं आपलं शू! आज म्हटलं, तुम्ही कधी फिरवताय किल्ली ते बघू."

"पण... तुला तर ही गाडी नको होती ना?"

"मला ढकलणं नको होतं. लेक काय तुमची एकट्याची आली होती हिच्यातून?"

ग्रंथपाल काहीतरी बोलणार, तेवढ्यात वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. "शू! इंजिन ऐका."

वीट अजून डिकीत असते. टॉवेल मात्र वहिनींनी धुऊन वाळत घातलाय.